बावीस हात

विष्णुपंत सरांचा फोन आला तेव्हा राजेश्री भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच तिनं फोन कानाला लावला आणि पाटावरून उठून उभी राहिली. सर परभणीत त्यांच्या घरी बसलेले, ही बोरीत चुलीपुढं, तरी उभी राहिली. दहावीला गणित त्यांनीच शिकवलेलं. डी.एड.चा फॉर्म भरायला ते स्वतः बरोबर आलेले. सरांना नाही म्हणायची तिच्या जिभेला सवयच नव्हती.

"राजेश्री, एक काम होतं. आमचा मुकुल आता आठवीत आहे."

"हो सर."

"त्याला अमेरिकेतल्या विद्यापीठात जायचं आहे."

राजेश्रीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "आत्ता?"

"आत्ता नाही गं, बारावीनंतर. पण तयारी आठवीपासून लागते म्हणे. तिथं शंभर अर्जांत तिघाचौघांना घेतात. नुसत्या मार्कांना कुणी विचारत नाही. तुझ्या शाळेत दर रविवारी येऊन तो मुलांना पाण्याबद्दल शिकवील. मुख्याध्यापिका तूच ना?"

"प्रभारी हाय सर."

"मग झालं तर."

झालं कसलं? बोरीच्या लेकरांना पाण्याबद्दल शिकवायचं म्हणजे मांजरीला उंदीर धरायला शिकवायचं. पण हे ती सरांना बोलली नाही. तव्यावरची भाकरी तेवढ्यात करपली, ती नवऱ्यासमोर आदळत तेवढं बोलली.

पहिल्या रविवारी पांढरी गाडी शाळेच्या मैदानात आली. आधी सरांची सून सुमंगला उतरली. ती परभणीत कॉलेजवर इंग्रजी शिकवायची. बोलणं गोड, घड्याळ सारखं बघणारी. मागून मुकुल उतरला, उंच, चष्म्यातला, झोप न झालेला. शेवटी कॅमेरेवाला उतरला आणि त्यानं आल्या आल्या मुलांना उन्हाकडे तोंड करून उभं केलं.

सुमंगलानं राजेश्रीला सगळं नीट समजावलं. पुण्यात एक काउन्सेलर मॅडम आहेत. त्या दर शनिवारी व्हिडिओवर येतात आणि मुलांचं प्रोफाइल बांधतात. त्यांचं म्हणणं, की प्रत्येक मुलाला एक पॅशन पाहिजे आणि त्या पॅशनला एक स्टोरी पाहिजे.

"मग मुकुलला पाण्याची लय आवड हाय का?" राजेश्रीनं विचारलं.

"आपण मराठवाड्यातले ना. मॅडम म्हणाल्या, मराठवाडा म्हटलं की पाणी. ते लगेच पोचतं."

राजेश्रीनं मुकुलकडे पाहिलं. पोरगं गाडीतून आणलेल्या बाटलीतलं पाणी पीत होतं. दुष्काळी भागातला हा लेक ज्या बंगल्यात राहत होता, तिथं गच्चीवर तीन टाक्या होत्या. राजेश्री सरांना दिवाळीचा फराळ द्यायला जायची, तिनं मोजल्या होत्या.

मुलांना निळे टी-शर्ट वाटले. छातीवर पाण्याचा थेंब आणि खाली इंग्रजीत 'जलमित्र मुकुल'. मुकुलनं पडद्यावर चित्रं लावून इंग्रजीत वीस मिनिटं वाचून दाखवलं. सुमंगला मधे मधे मराठी करून सांगायची. पाणी म्हणजे जीवन आहे, असं त्याचं सार होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग अर्धा तास फोटो झाले. मग टी-शर्ट परत गोळा केले.

"पुढच्या रविवारी लागतील," सुमंगला म्हणाली. "आणि मधे एका दुसऱ्या गावातही आमचं सत्र आहे."

दुसऱ्या रविवारी तेच टी-शर्ट आले, न धुतलेले. दोन पोरींनी नाकाला पदर लावावा तशी ओढणी लावली. राजेश्रीनं डोळे वटारले, पण मनातून तिला त्या पोरींचा रागबिग आला नव्हता.

तिसऱ्या रविवारी मात्र घडायचं ते घडलं. मुकुलनं वाचता वाचता विचारलं, "तुमच्या गावात पाणी किती खोल गेलंय, हे तुम्हाला माहीत आहे का?" या प्रश्नानंतर मुलं गप्प बसणार आणि मुकुल पुढचं चित्र लावणार, असं कागदावर लिहिलेलं होतं. पण सातवीतली शिवकन्या उभी राहिली.

"कोणत्या विहिरीचं सांगू?"

"म्हणजे?"

"चोवीस विहिरी हायत माझ्याकडं."

शिवकन्याचा बाप परमेश्वर. शाळेसमोरच त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायच्या आणि शेतात जाऊन विहिरीत सोडून द्यायच्या, हा त्याचा धंदा. मोटार सोडायची तर पाणी किती खाली आहे हे आधी कळायला लागतं. म्हणून ही पोरगी पाचवीपासून बापाबरोबर जायची, दोरीला दगड बांधून विहिरीत सोडायची, ओली खूण बघायची आणि वहीत लिहायची. दोरीला बापाच्या हाताच्या मापानं गाठी मारलेल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकी दिली नव्हती. दोन वर्षं, चोवीस विहिरी, दर महिन्याला.

राजेश्रीचा ऊर भरून आला. आणि त्या भरल्या उरापायी तिनं नको ते केलं. "जा गं, वही आण. ताईंना दाखव," असं तीच म्हणाली.

सुमंगलानं वहीची पानं उलटली. आधी भरभर, मग हळूहळू. मग तिनं कॅमेरेवाल्याला हाक मारली आणि एकेक पान टिपून घेतलं. "किती गोड," ती म्हणाली आणि वही शिवकन्याला वापस दिली.

एवढं चालू असताना मुकुल गायब होता. तो सापडला परमेश्वरच्या दुकानात. मांडी घालून बसलेला, आणि परमेश्वरच्या हाताखाली तांब्याची तार खाचांत बसवत होता. हात काळे, कपाळावर काळं, आणि तोंडानं चाललेले वेढे: सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ.

"पोरगं तयार हाय," परमेश्वर कौतुकानं म्हणाला. "एकदा दाखवलं की बसवायलंय बघा. याच्या वयात मी तीन मोटारी जाळल्या होत्या."

मुकुल पहिल्यांदाच माणसासारखा हसला. "आई, मी पुढच्या रविवारी हेच करू का?"

सुमंगलानं त्याला हात धुवायला पाठवलं आणि तिथूनच पुण्याला फोन लावला. राजेश्री शेजारीच उभी होती. पुण्याच्या मॅडमचा आवाज फोनबाहेर स्वच्छ येत होता. मोटार भरणं स्टोरीत बसत नाही. ते कारागिरी वाटतं, नेतृत्व वाटत नाही. आपण पाणी ठरवलंय तर पाण्यावरच राहू. राजेश्रीला वाटलं, पोराला खरंच काहीतरी आवडलं, एवढीच त्याची चूक झाली. मनात आलेलं ओठावर येऊ नये म्हणून ती आत जाऊन हजेरीपट चाळत बसली.

आणखी दोन रविवार झाले आणि गाडी यायची बंद झाली. राजेश्रीनं सुटकेचा निःश्वास टाकला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पेपर आला. शाळेच्या शिपायानंच आणून दाखवला. आतल्या पानावर अर्धं पान भरून मुकुलचा फोटो, मागं बोरीच्या पोरांचे निळे टी-शर्ट, आणि वर मोठ्या अक्षरांत: 'बोरीच्या विहिरी कोरड्याठाक, आठवीतल्या विद्यार्थ्याचं संशोधन'. खाली लिहिलं होतं की परभणीच्या मुकुलनं दोन वर्षं खेड्यात फिरून चोवीस विहिरींची पातळी मोजली, गावात पाणी सरासरी बावीस मीटर खोल गेलं आहे, आणि या प्रकल्पाला पुण्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं आहे. शिवकन्याचं नाव कुठंच नव्हतं. 'स्थानिक मुलींच्या सहकार्यानं' असे तीन शब्द होते.

राजेश्री पेपर घेऊन तडक दुकानात गेली. परमेश्वरनं पेपर लांब धरून वाचला.

"नाव आलं की गावाचं," तो म्हणाला.

"गावाचं आलं. पोरीचं गेलं."

"जाऊ द्या ना मॅडम. वही तर घरीच हाय. फोटो काढल्यानं आकडे थोडेच कमी झाले?"

राजेश्रीला त्याचाही राग आला. गरिबाच्या घरातलं काही उचललं की गरिबानंच समजूत काढायची, ही कुठली रीत? पण सगळ्यांत जास्त चीड तिला स्वतःची आली होती. वही आण म्हणणारी जीभ तिचीच होती.

शिवकन्या तोवर तो पेपर घेऊन कोपऱ्यात वाचत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. कीव होती.

"मॅडम, यांनी मीटर लिहिलंय."

"मग?"

"मी हात लिहिले होते. वर 'हा.' असं लिहिलंय की मी. बावीस हात." तिनं कोपरापासून बोटापर्यंत आपला हात दाखवला. "बावीस मीटर कसं असंल? आपल्या विहिरीच पंधरा मीटरच्या पुढं खोल न्हाईत."

राजेश्रीनं डोक्यातल्या डोक्यात हिशेब केला. हात म्हणजे दीड फूट. बावीस हात म्हणजे दहा मीटर. गणित विष्णुपंत सरांनीच शिकवलं होतं, तेव्हा ते चुकायचं कारण नव्हतं. ती इतकी हसली की शिपाई बघायला आला. पण हसू ओसरल्यावर तोंड कडू झालं. पुण्याच्या परीक्षकांनी बक्षीस दिलं, पेपरनं छापलं, कॉलेजात शिकवणाऱ्या आईनं तक्ता केला. आणि विहिरीच्या तळाखाली सात मीटर पाणी दाखवलंय हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. ध्यानात यायला विहीर बघावी लागते.

सरपंच व्यंकटराव मात्र खूश होते. पेपरात छापून आलंय म्हटल्यावर त्यांनी बातमी जोडून टँकरचा अर्ज ठोकला. एप्रिलात पाणीपुरवठ्याचे इंजिनीअर पंडित पाहणीला येणार असा निरोप आला. सरपंचांनी उत्साहाच्या भरात सुमंगलालाही कळवलं, आणि सुमंगलानं पुण्याला.

पाहणीच्या दिवशी पांढरी गाडी इंजिनीअरच्या जीपच्या आधी हजर! टी-शर्ट, कॅमेरेवाला, शिवाय कापडी फलक. सुमंगला राजेश्रीच्या कानाशी लागली. "मॅडम म्हणाल्या, शासनानं दखल घेतली हा फार मोठा इम्पॅक्ट आहे. साहेबांबरोबर विहिरीवर एक फोटो आणि त्यांच्याकडून दोन ओळी मिळाल्या की झालं."

राजेश्री म्हणाली, "मिळतील की. चला विहिरीवर." आणि शिवकन्याला वर्गातून हाक मारून, वही-दोरी घ्यायला लावून बरोबर घेतलं.

पंडित साहेब पन्नाशीचे, उन्हानं रापलेले, कमी बोलणारे. गावाजवळच्या विहिरीच्या कडेला उकिडवे बसून त्यांनी टेप खाली सोडला. वीसेक माणसं भोवती जमली. कॅमेरेवाल्यानं मुकुलला साहेबांच्या शेजारी बसवलं.

"साडेदहा मीटर," साहेब म्हणाले. मग टेप तळापर्यंत सोडला. "तळ पंधरा मीटरवर. साडेचार मीटर पाणी आहे." त्यांनी खिशातून बातमीचं कात्रण काढलं आणि मुकुलला विचारलं, "बाळ, विहीर पंधरा मीटर, मग पाणी बावीस मीटरवर कसं सापडलं तुला? मोजलं कशानं?"

मुकुलनं चष्मा वर सरकवला.

"टेप होता की यंत्र?"

मुकुल आईकडे बघायला लागला. सुमंगला पुढं झाली. "सर, तो जरा लाजतो. मोजमापाची पद्धत आम्ही अहवालात दिली आहे."

"अहवाल वाचला मी. त्यात पद्धत सोडून सगळं आहे."

लोक हसले. सरपंचांचा टँकर डोळ्यांदेखत आटला होता, तरी तेही हसले. राजेश्रीला वाटलं होतं की या घटकेला आपल्याला फार बरं वाटेल. बरं वाटलंही. पण चौदा वर्षांचं पोर कडेला मान घालून बसलेलं, ते काही तिला बघवेना.

तेवढ्यात मुकुल उठला.

"मी मोजलं नाही," तो म्हणाला. आवाज चिरकला, पण थांबला नाही. "आकडे शिवकन्याच्या वहीतले आहेत. मी एकाही विहिरीवर गेलो नव्हतो. ही पहिली. 'हा.' म्हणजे काय, हे मी विचारलं होतं. आई म्हणाली मीटर टाकू."

कुणी हसलं नाही.

"ऊन लागलंय त्याला," सुमंगला म्हणाली. "मुकुल, गाडीत बस."

मुकुल गाडीत गेला नाही. तो गर्दीतल्या परमेश्वरच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पंडित साहेबांनी मात्र सुमंगलाकडे पाठ केली आणि विचारलं, "शिवकन्या कोण?"

शिवकन्यानं दोरी सोडली, ओढली, गाठी मोजल्या. "तेवीस हात. फेब्रुवारीत बावीस होते. एका हातानं खाली गेलं."

"तेवीस हात म्हणजे?"

"साडेदहाच होतंय साहेब," ती म्हणाली. "तुमचं बरोबर हाय."

साहेब मोठ्यानं हसले आणि तिची वही घेऊन तिथंच विहिरीच्या कडेला पानापानानं वाचत बसले. जीपवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला, तरी उठले नाहीत. फोटो राहूनच गेला.

आठ दिवसांनी विष्णुपंत सर एस.टी.नं बोरीला आले. राजेश्रीनं त्यांना स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा मागवला. सर थकलेले दिसत होते. पिशवीतून त्यांनी एक टाइप केलेला इंग्रजी कागद काढला. मुकुलनं दोन वर्षं, दोनशे तास, या शाळेतल्या एकशेचाळीस मुलींना पाणी व्यवस्थापन शिकवलं, असं त्यात लिहिलं होतं. खाली मुख्याध्यापिकेच्या सहीसाठी जागा.

"सर, शाळेत मुलीच एकसष्ट हायत."

"आकड्याचं जाऊ दे. सही पाहिजे. झालं ते झालं, पण पोराची चार वर्षांची आखणी फुकट जाईल. घरात कुणी धड जेवत नाही."

"सर, तुमी वाचलात हे?"

सर खिडकीबाहेर बघत राहिले. "वाचलं."

राजेश्रीनं कागद बाजूला ठेवला, शाळेच्या शिक्क्याचा कोरा कागद घेतला आणि सरांच्या समोरच मराठीत लिहायला बसली. चि. मुकुल या शाळेत पाच रविवार आला, एकूण सात तास होता, पैकी अडीच तास फोटोंत गेले. विहिरींची मोजणी सातवीच्या शिवकन्याची आहे. मुकुलला मोटार भरण्याच्या कामात चांगली गती आहे. मोजणी आपली नाही हे त्यानं गावासमोर, कुणी भाग पाडलं नसताना, स्वतः सांगितलं. एवढं धैर्य मी माझ्या नोकरीत फार थोड्या मुलांत पाहिलं. सही केली, शिक्का मारला, कागद सरांपुढं सरकवला.

सरांनी दोनदा वाचला. "तिथं याचा काही उपयोग नाही गं."

"असंल. पण मी एवढंच लिहू शकते."

"मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, राजेश्री."

हे वाक्य तिला लागलं. पण टाइप केलेल्या कागदाला तिनं हात लावला नाही. सरांनी दोन्ही कागद पिशवीत घातले. चहा तसाच राहिला. ती त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेली. वाटेत दोघं उन्हाबद्दल बोलले.

चार दिवसांत सुमंगलाला तसली सही दुसरीकडून मिळाली, असं कानावर आलं. टी-शर्ट वाटले होते त्या दुसऱ्या गावातून. सह्या करणारे हात काय, शोधले की गल्लीगल्लीत मिळतात.

पंडित साहेबांनी शिवकन्याला एक जुना टेप पाठवून दिला आणि दर महिन्याला आकडे फोनवर पाठवायला सांगितले. ती पाठवते. साहेब कधी 'मिळाले' एवढंच लिहितात, कधी काहीच नाही. तिचं त्यावाचून अडत नाही.

वर्षभरानं राजेश्री कामानिमित्त परभणीला गेली, तेव्हा बसस्टँडवर सर भेटले. आधी तिनंच ओळख दाखवावी की नाही म्हणून पाय मागं घेतला होता, पण सरांनीच हाक मारली. बाकावर दोघं बसले. सर वाळले होते.

"मुकुल कसा हाय, सर?"

"नववी झाली. आता कासवं."

"काय?"

"पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, पाणीवाली मुलं यंदा फार झाली. विद्यापीठवाले कंटाळलेत. म्हणून समुद्री कासवं. कोकणात जातो, तीन-तीन दिवस. परवा घरातला पंखा जळाला. त्यानं खोलला. सुमंगलानं काढून घेतला हातातून, अभ्यास आहे म्हणून."

राजेश्रीला पुष्कळ बोलता आलं असतं. एवढ्या लांबून मुलगा कासवाच्या अंड्यांवर नेऊन बसवायचा आणि घरातला पंखा हातातून काढून घ्यायचा, या शहाणपणाला काय म्हणावं, हे तिच्या अगदी ओठावर होतं. पण तिनं पिशवीतली पाण्याची बाटली काढून सरांपुढं धरली.

"आणि ती मुलगी?" सरांनी विचारलं. "वहीवाली. हुशार आहे. तिचं पुढं काय ठरलंय?"

"काय ठरणार सर," राजेश्री म्हणाली. "तेरा वर्षांची हाय ती."

बोरीवरून जाणारी जिंतूरची गाडी लागली. सरांनी तिची पिशवी उचलून दारापर्यंत आणून दिली, आणि ती आत चढली.